स्टँड पाहिला एक, खोक्यात निघाला दुसराच

ट्रॉम्बोन वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, बाकीच्यांसाठी सांगतो. हे पितळी फुंकवाद्य स्टँडवर पालथं ठेवतात. मधे खुंटी, तिच्यावर बेल (म्हणजे वाद्याचं कर्ण्यासारखं तोंड) उपडी, आणि स्लाइड (सूर बदलायला पुढेमागे सरकवायची लांब नळी) बाजूने खाली लोंबती. म्हणून भार मधोमध राहत नाही, स्लाइडच्या अंगाला ओढतो. पाय रुंद पसरणारे हवेत, त्यातला एक नेमका स्लाइडखाली यायला हवा, आणि सांध्याला प्लास्टिक नको. इतकं कळत असूनही मी फसलो.

श्रावणात वादकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जाहिरात आली : 'जर्मन कंपनीचा ओरिजिनल स्टँड, फक्त २,८०० रुपये.' माणूस ठाण्यात गावदेवी मैदानाजवळ भेटायला तयार. वर स्वतःच म्हणाला, "दादा, वाद्य घेऊनच या. ठेवून बघा, मगच पैसे द्या." असं बोलणाऱ्यावर कोण संशय घेणार?

स्टँड खरोखर दणकट होता. जाड लोखंडी पाय, पेच घट्ट. स्लाइडचं लॉक लावून ट्रॉम्बोन ठेवला, चहूबाजूंनी हलकं ढकलून पाहिलं. जागचा हलला नाही. त्याने मोबाइलवर फोटोही काढला. मी यूपीआयने पैसे टाकले आणि खाली बसून ट्रॉम्बोन केसमध्ये ठेवू लागलो. पावसाची सर आली होती, घाई होती. मान वर केली तोवर स्टँडची घडी घालून, खोकं टेपने बंद करून तो तयार!

घरी खोकं चार दिवस तसंच पडलं (हा आळस माझा). उघडलं ते थेट कळव्याला, सरावाच्या वेळी. तोच रंग, तेच स्टिकर, पण वजनाला निम्मा. मी म्हटलं, त्या दिवशी उगाच जड वाटला असेल. माणूस स्वतःची समजूत काय घालतो बघा. दहा मिनिटांत शेजारच्याने खुर्ची सरकवली, तिचा पाय लागला, प्लास्टिकचा सांधा तडकला आणि ट्रॉम्बोन स्लाइडवर आपटला. बेलला पोचा आला असता तरी वाजवता आलं असतं. पण स्लाइडच्या आतल्या-बाहेरच्या नळ्यांमध्ये फट केसाएवढी; बाहेरची जरा वाकली की सरकणंच बंद. दुरुस्तीला तीन आठवडे आणि ४,५०० रुपये गेले. गणपतीत मी झांज वाजवली.

त्याचा नंबर बंद. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण पैसे जाऊन पाच दिवस झाले होते. हा फोन लगेच करायचा असतो.

आता घ्यायची वेळ आली तर पारखलेला स्टँड पुन्हा खोक्यात घालूच देणार नाही, तसाच काखोटीला मारून आणीन. आणि खोकंही आधी वाचीन. बाहेरून आलेल्या मालावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेली असावी लागते. माझ्या खोक्यावर नुसता जर्मनीचा झेंडा होता.

गेल्या रविवारी तीच जाहिरात दुसऱ्या ग्रुपवर दिसली, नंबर नवा. फोटोत स्टँडवर जो ट्रॉम्बोन आहे, बेलजवळच्या दांडीला काळी टेप गुंडाळलेला, तो माझा.