पाडव्याच्या भेटींसाठी घेतलेलं बागकाम किट: चतुर्थीपर्यंत वापरून काय हाती लागलं

आधी निकाल सांगते, घाई असलेल्यांची सोय म्हणून. काथ्याच्या कुंड्या घ्या. कोकोपीटची, म्हणजे नारळाच्या सोडणाच्या भुशाची, वीट घ्या, पण धुऊन वापरा. बियांची पाकिटं निम्मी फुकट गेली असं धरून चाला. सोबत येणारं सूचनापत्रक गोव्यात राहणाऱ्यांनी सरळ रद्दीत टाकावं.

किट ऑनलाइन मागवलं होतं, फेब्रुवारी संपताना, सहाशे रुपयांच्या आत. खोक्यात काथ्याच्या छोट्या कुंड्या, कोकोपीटची एक वीट, बियांची पाकिटं, तागाच्या दोरीला बांधलेल्या नावाच्या पट्ट्या, एक खुरपी आणि स्प्रेची बाटली. पाडव्याला नातेवाइकांकडे जाताना मिठाईचा पुडा नेण्याऐवजी हाताने लावलेलं, हाताने सजवलेलं रोप न्यावं, एवढाच हेतू. आम्ही फोंड्याकडचे, अंगण आहे पण माडांच्या सावलीतलं. ज्यांना रोपं दिली त्यांतले काही म्हापशाला आणि पणजीला फ्लॅटमध्ये राहतात, मावशी डिचोलीला, तिचं अंगण मोठं. त्यामुळे एकच वस्तू चार तऱ्हेच्या घरांत कशी टिकते हे आपोआप कळलं. चतुर्थीला घरोघरी जाणं होतंच, तेव्हा मखराकडे बघण्याआधी मी गॅलरीकडे बघत होते, हे यजमानांनी मनावर घेतलं नसावं.

मुख्य तक्रार पत्रकाची. 'दंव पडायचं थांबलं की पेरा, मग उन्हाळाभर फुलं घ्या' असा त्याचा सूर. दंव? गोव्यात? आपला वसंत म्हणजे शिगम्याचे ढोल, सुरंगीचे वळेसर (गजरे), काजूच्या बोंडांचा वास आणि दुपारी तेहतीस-चौतीस अंश उकाडा. त्यात हा वसंत पुढे लांबत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस सुरू होतो आणि सप्टेंबरपर्यंत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी ओततो. म्हणजे पाडव्याला दिलेल्या रोपाला आधी दोन-अडीच महिने भाजणारं ऊन आणि मग तीन-चार महिने न थांबणारा ओलावा, अशा दोन उलट परीक्षा द्यायच्या असतात. किट बनवणाऱ्याने यातली एकही डोळ्यासमोर धरलेली नाही.

बियांत लॅव्हेंडर, पॅन्सी, पेटुनिया, टोमॅटो, बेसिल आणि झेंडू. लॅव्हेंडरला कोरडी, थंड हवा लागते, ते इथे उगवलंच नाही. पॅन्सी आणि पेटुनिया आपल्याकडे थंडीच्या दिवसांतली फुलं, नोव्हेंबरात पेरली तर काही आशा. मार्चमध्ये त्यांचे कोंब दोरा ओढावा तसे लांबले आणि बुडाशी पिचून आडवे झाले. ही रोपमर, बुरशीमुळे होते, उष्ण आणि कोंदट जागेत जास्तच. बेसिल छान आलं. झेंडू तर काय, कुठेही येतो.

टोमॅटोबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण ही तक्रार अनेकांची असते. रोपं दिसायला जोमदार झाली, फुलं धरली आणि एका दुपारी हिरवी असतानाच मान टाकली. पाणी घालूनही उठली नाहीत. मावशीने खोड बुडाशी कापून तुकडा काचेच्या पेल्यातल्या स्वच्छ पाण्यात उभा धरायला सांगितला. थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधासारखी बारीक धार खाली उतरायला लागली. ती धार दिसली की समजावं, जिवाणूजन्य मर आहे. हा जिवाणू मातीत राहतो, कोकणपट्टीच्या आम्लधर्मी, ओल्या जमिनीत त्याचं फावतं आणि वांगी, टोमॅटो, मिरची हे सगळं कुटुंब त्याला चालतं. औषध मारून काही होत नाही. ती माती दुसऱ्या कुंडीत घ्यायची नाही, एवढंच हातात. टोमॅटो लावायचाच असेल तर मर न लागणारी जात मागून घ्यावी. अशा जातींबद्दल विचारायला जुन्या गोव्यात एलाला आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषदेची) किनारी कृषी संशोधन संस्था आहेच.

काथ्याच्या कुंड्यांवर मी खूश आहे. मुळं भिंतीतून आरपार बाहेर येतात, त्यामुळे रोप बाहेर न काढता कुंडीसकट मातीत पुरता येतं, मुळांना धक्का बसत नाही. नवशिक्यांचं निम्मं काम इथेच हलकं होतं. पण चैत्रात त्या चटकन सुकतात, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी मागतात. आतून केळीच्या सोपटाचा एक पदर लावला की एका वेळच्या पाण्यावर भागतं आणि सोपट पुढे कुजून मिसळून जातं. दुसरी गोष्ट, पाऊस लागला की बाहेरून पांढरी बुरशी धरते आणि जुलैपर्यंत कुंडी हाताला लागताच तुटते. हा दोष नाही, ती कुजण्यासाठीच केलेली असते. मात्र भेट देतानाच समोरच्याला सांगायला हवं की मेअखेर हे मोठ्या कुंडीत किंवा जमिनीत पुरा. ज्यांना मी सांगितलं त्यांची रोपं टिकली. पणजीच्या एका घरी कुंडी शोकेसमध्ये ठेवलेली सापडली, त्याला किट काय करणार.

कोकोपीटची वीट साडेसहाशे ग्रॅमची होती. बादलीत पाणी ओतलं की फुगून आठ-नऊ लिटर भुसा होतो, मुलांना हा प्रकार बघायला फार आवडतो. पहिलं पाणी चहासारखं तांबूस निघतं, ते फेकून द्यायचं आणि पुन्हा एकदा धुवायचं. नारळाची सोडणं बहुधा खाडीच्या पाण्यात कुजवतात, त्यामुळे त्यात मीठ उरतं आणि कोवळ्या मुळांना ते बाधतं. पत्रकात याचा उल्लेखच नाही, उलट नुसत्या कोकोपीटमध्ये बी पेरा असं लिहिलंय. बी उगवेल, पण पुढे खाणार काय? कोकोपीट पाणी धरून ठेवतं, पोसत नाही. एक भाग कोकोपीट, एक भाग अंगणातली तांबडी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि चिमूटभर चुलीची राख, हे मिश्रण मला सगळ्यात मानवलं. आपली चिऱ्याच्या जमिनीवरची माती आंबट असते, राखेने ती जरा वळणावर येते.

आता किटच्या बाहेरची गोष्ट, आणि खरं तर सगळ्यात जास्त कौतुक हिचंच झालं. काथ्याच्या कुंड्या संपल्यावर मी करवंट्या घेतल्या. नारळ घरचेच. करवंटी घासायला आधी फुटलेल्या काचेची धार, मग पॉलिश पेपर, शेवटी खोबरेल चोळून एक दिवस ठेवायची. गडद तपकिरी, तुळतुळीत अशी होते की बाजारातली वस्तू वाटते. निवड मात्र डोळे असलेल्या अर्ध्या भागाची करावी. नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एकच मऊ असतो, कोंब तिथूनच बाहेर येतो. तो डोळा खिळ्याने दाबला की सहज उघडतो आणि पाणी निथळायला आयतं भोक मिळतं. उरलेले दोन डोळे ठोकूनही दाद देत नाहीत. दुसऱ्या, म्हणजे बिनडोळ्याच्या अर्ध्याला ड्रिल लागतं, आणि हाताने भोक पाडायला गेलं तर ती हमखास तडकते. सुंभाच्या तीन दोऱ्या बांधून टांगली की झाली भेट तयार. मावशी बघून म्हणाली, "अगो, हातूंत आतां माड लायतलें काय?" माड नाही, पण मनीप्लांटचं पेर, छोटं नेचं किंवा पुदिन्याची काडी मजेत राहते. सक्युलेंट लावू नका. जुलैच्या हवेत ती पाण्याशिवायसुद्धा कुजतात.

भोक नसलेली करवंटी कुणालाही देऊ नका, हे मी हट्टाने सांगते. डेंग्यू पसरवणारा डास स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्यातून डास बाहेर पडतात. आरोग्य खात्याची माणसं पावसाळ्यात घरोघरी येऊन हेच बघतात: टायर, टाक्या, करवंट्या, कुंडीखालच्या ताटल्या. किटमधल्या कुंड्यांसोबत प्लास्टिकच्या ताटल्या आल्या होत्या. पाऊस सुरू होताच त्या मी काढून घेतल्या आणि ज्यांना दिल्या त्यांनाही काढायला लावल्या.

भेट म्हणून सगळ्यात यशस्वी काय ठरलं? तांबडी भाजी! हसू नका. बी मुठीने विसकटून टाकायचं, वर मातीचा नुसता हात फिरवायचा, तीन-चार दिवसांत तांबूस कोंब. पंचवीस-तीस दिवसांत भाजी कापायला येते, म्हणजे महाशिवरात्रीच्या आसपास पेरली तर पाडव्याला लालभडक पानांनी भरलेली कुंडी हातात देता येते. दिसायला फुलझाडाइतकी देखणी. म्हापशाच्या वहिनीने दोनदा कापून खोबरं घालून खाल्ली, वर पुन्हा बी मागितलं. टिकवायची चिंता नाही, पावसात काय होईल हा प्रश्न नाही, भेट पोटात गेली. बी किटमध्ये नव्हतं, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलं होतं, किटमधल्या एका पाकिटाच्या किमतीत मूठभर.

दुसरा नंबर अबोलीचा. हिला धीर लागतो, बी रुजायला दोन-तीन आठवडे सहज जातात आणि त्या काळात कुंडी रिकामी समजून लोक फेकून देतात. म्हणून बी न देता चार पानांवर आलेलं रोप द्यावं. बी गोळा करणं मात्र मुलांवर सोपवा. अबोलीच्या कणसातल्या बोंडी पूर्ण वाळल्या की कणीस एका वाटीत ठेवून वर पाण्याचे दोन थेंब टाकायचे आणि लगेच दुसरी वाटी पालथी घालायची. क्षणभर काही होत नाही, मग टिक, टिक असा आवाज सुरू होतो, बोंडी फुटून बिया आतल्या आत उडतात. वाटी न झाकल्यास त्या खोलीभर शोधाव्या लागतात. पावसाच्या पहिल्या सरीबरोबर अंगणात आपोआप अबोली का उगवते, त्याचं उत्तरही यातच आहे. दिलेल्या अबोलींपैकी डिचोलीची चतुर्थीला फुलावर होती, फ्लॅटमधल्या जिवंत पण रुसलेल्या. ऊन कमी पडतं.

झेंडूचं गणित वेगळं. पाडव्याला दिलेला झेंडू मेमध्ये फुलतो आणि पहिल्या मुसळधार पावसात कुजतो, मग लोक म्हणतात, तुझं रोप मेलं. त्याऐवजी मेची सुकलेली फुलं कागदात बांधून ठेवावीत आणि जूनअखेर पडवीत, वळचणीच्या आत पेरावीत. साधारण दोन महिन्यांत फुलं येतात, म्हणजे नेमकी चतुर्थीला. मावशीच्या मखराला या वर्षी तीच होती. पावसाळ्यात बी जपायचं तर घट्ट झाकणाच्या डब्यात, तळाला राखेचा थर देऊन. उघड्या पाकिटातलं किटचं उरलेलं बी जुलैत ओल धरून बसलं, त्यातलं बेसिलसुद्धा नंतर उगवलं नाही.

लहानसहान गोष्टी: नावाच्या पट्ट्यांवर पेनाने लिहिलेलं पहिल्या पावसातच पुसलं, पेन्सिलीने लिहिलेलं अजून वाचता येतं. बियांचे लिफाफे मी जुन्या कॅलेंडरच्या गुळगुळीत पानांचे केले, ते साध्या कागदापेक्षा दमट हवेत बरे टिकले. गोगलगायींवर राखेचा रिंगण फक्त मेपर्यंत चालतो. नंतर रात्री बॅटरी घेऊन वेचणं आणि मिठाच्या पाण्यात टाकणं, दुसरा उपाय मला सापडलेला नाही. जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांना लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि साबणाचे थेंब, संध्याकाळी फवारायचं, पाऊस नसेल तेव्हा.

पाचपैकी गुण द्यायचे तर किटला अडीच. तेवढेही कुंड्यांमुळे आणि खुरपीमुळे, ती गंजलेली नाही. स्प्रेच्या बाटलीचं नोझल एप्रिलमध्येच चिकटलं. विक्रेत्याला कळवलं, उत्तर आलं नाही. पुन्हा हे खोकं मागवणार नाही. कोकोपीटची वीट आणि काथ्याच्या कुंड्या नर्सरीत सुट्ट्या मिळतात, तांबडी भाजी आणि सात शिरांच्या भेंडीचं बी बाजारातल्या भाजीवाल्या बायांकडे, करवंट्या घरच्या. भेंडी फ्लॅटवाल्यांना देऊ नका, ती कमरेच्या वर जाते. त्यांच्यासाठी टांगलेला पुदिना पुरे.