'द क्रॉनिक': संथ लयीचा दरारा

अमेरिकन रॅपर आणि संगीतकार डॉक्टर ड्रे याचा 'द क्रॉनिक' हा पहिला स्वतंत्र अल्बम डेथ रो रेकॉर्ड्सने 15 डिसेंबर 1992 रोजी बाजारात आणला आणि तेव्हापासून गँगस्टा रॅप (गल्लीतल्या टोळ्या आणि गुन्हेगारीवरचा रॅप) म्हटले की लोकांच्या कानात याच अल्बमची चाल वाजू लागली. यवतमाळ-वाशिमकडच्या खेड्यात राहणाऱ्या, ड्रेचे कॉम्प्टन हे लॉस एंजेलिसजवळचे शहर नकाशावरही न पाहिलेल्या माणसाने त्यासाठी आज तासभर का काढावा, असे कोणी विचारले, तर माझे उत्तर एकच आहे: त्यातील संगीतासाठी.

आपल्याकडे वरातीत धुमाल असो की डीजे, वेग चढवत नेल्याशिवाय लोक नाचत नाहीत असे वाजवणारे धरूनच चालतात. ड्रेने नेमकी लय खाली आणली. 'नथिन बट अ जी थँग' हे गाणे मिनिटाला साधारण 95 ठोक्यांवर चालते. खाली जाड बेस, म्हणजे खर्जातला घुमणारा सूर, वर सिंथेसायझरचा शिट्टीसारखा बारीक आणि लांबवलेला सूर, आणि या दोहोंच्या मध्ये आवाजासाठी मोकळी सोडलेली जागा. एन.डब्ल्यू.ए. या आधीच्या गटात असताना त्याच्या संगीतात आवाजांचे थरावर थर असत. येथे त्याने बरेच काही काढून टाकले आहे. पार्लमेंट-फंकाडेलिक या मंडळींचे सत्तरच्या दशकातील फंक, म्हणजे ठसक्याच्या ठेक्याचे नाचाचे संगीत, हा त्याचा मुख्य आधार आहे, परंतु जुन्या तबकड्यांचे तुकडे जसेच्या तसे जोडण्यापेक्षा अनेक ठिकाणी त्याने ते सूर वादकांकडून स्टुडिओत नव्याने वाजवून घेतले. 'जी थँग'चा पाया असलेले लिऑन हेवूडचे गाणे 1975 मधले आहे, तरीही त्याचा बेस येथे कालच वाजवल्याइतका स्वच्छ ऐकू येतो. या घडणीला पुढे जी-फंक हे नाव मिळाले.

दुसरे बळ या अल्बममध्ये गाणाऱ्या स्नूप डॉगी डॉग या रॅपरचे. तेव्हा तो अवघा 21 वर्षांचा होता आणि त्याचा स्वतःचा अल्बम अजून यायचा होता. पारावर बसलेला माणूस जशी पाय पसरून गोष्ट सांगतो, तशा सैल आवाजात तो धमकीसुद्धा देतो, आणि आवाज न चढवल्यामुळेच तिचा दरारा वाढतो. इंग्रजी शब्द, त्यातही तिथल्या गल्लीतली बोली, निम्मी समजली नाही तरी ही ढब पोहोचते.

शब्दांविषयी मात्र इतके चांगले बोलता येत नाही. 'ड्रे डे'मध्ये ड्रे आणि स्नूप मुख्यतः जुना साथीदार इझी-ई याचा समाचार घेतात, आणि इझी-ईनेही 1993 मध्ये गाण्यातूनच त्याला उत्तर दिले. कलगी-तुऱ्याचे सामने ऐकलेल्या श्रोत्याला हा प्रकार ओळखीचा वाटेल. पण आपल्या शाहिराला समोरच्याचे कोडे सोडवावे लागते, येथे निव्वळ शिवीगाळ आहे आणि भांडणाच्या मुळाशी पैशाचा हिशेब आहे. स्त्रियांविषयीची भाषा तर जागोजागी किळसवाणी आहे. ती निव्वळ गाण्यातली ऐट म्हणून सोडून देता येत नाही, कारण ड्रेने 1991 मध्ये डी बार्न्स या दूरचित्रवाणी निवेदिकेला मारहाण केली होती. आपण दुखावलेल्या स्त्रियांची जाहीर माफी मागायला त्याला 2015 साल उजाडले.

याच अल्बममध्ये एप्रिल 1992 च्या लॉस एंजेलिस दंगलीच्या वेळी टिपलेले लोकांचे खरे, संतापलेले आवाज एका गाण्यात गुंफलेले आहेत. रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारणारे पोलीस न्यायालयातून सुटले, म्हणून ती दंगल पेटली होती. गायक डॉनी हॅथवेच्या 1972 मधील गाण्यावर बेतलेले 'लिल घेट्टो बॉय' तुरुंग आणि गल्लीतला मृत्यू यांविषयी बोलते, आणि तेथे फुशारकीचा आवाज थोडा उतरतो. अशी गाणी आणखी दोन-तीन असती तर हा अल्बम शब्दांच्या बाजूनेही थोर ठरला असता. 'लेट मी राइड'ला 1994 मध्ये ग्रॅमी हे संगीत पारितोषिक मिळाले आणि 2020 मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने अल्बमला राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदणीत स्थान दिले. हा मान मुख्यतः त्याच्या नादाचा आहे, असे मला वाटते.

फेब्रुवारी 2023 पासून हा अल्बम प्रमुख स्ट्रीमिंग सेवांवर पुन्हा उपलब्ध आहे. रात्रीच्या थ्री-फेज विजेवर हरभऱ्याचे ओलित करताना ऐकायचा असेल, तर गावात नेटवर्क असतानाच उतरवून घ्यावा. मोबाइलच्या स्पीकरवर बेस पूर्ण हरवतो आणि अल्बमचा अर्धा जीव बेसमध्येच आहे, म्हणून बरे इअरफोन हवेत. घरात वडीलधाऱ्यांसमोर लावण्याजोगा तो नाहीच. सुरुवात 'लेट मी राइड'पासून करावी, त्यानंतर 'जी थँग' घ्यावे. शेवटचे गाणे मी स्वतः नेहमी वगळतो.