कंट्रोलर तपासायचं ड्रोन: सागाची फ्रेम, खिडकीचं ॲल्युमिनियम की एफ४५०?

या हिवाळ्यात तीन पोरं एकच प्रश्न घेऊन दुकानात आली. दोघं पॉलिटेक्निकची, एक आयटीआयचा. "भाऊ, फ्लाइट कंट्रोलर तपासायला ड्रोन बांधायचं आहे. फ्रेम कोणती घ्यायची आणि पहिला बोर्ड कोणता?" फ्लाइट कंट्रोलर म्हणजेच हा बोर्ड, चारही मोटरींना किती पळायचं ते सांगणारा ड्रोनचा मेंदू. वर्धा जिल्ह्यात आर्वीकडे माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीतल्या पाणबुडी मोटरी जळून येतात, त्या भरून देतो. ड्रोन हा रात्रीचा नाद. त्या नादात एक ॲल्युमिनियमची, दोन सागाच्या आणि एक विकतची अशा चार फ्रेमा उडवून आणि पाडून झाल्या. तिघांना वेगवेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो.

आधी एक गोष्ट. पंप चालेना की घाईतला शेतकरी केबल बदलतो, स्टार्टर बदलतो आणि मोटरही भरून घेतो. पाणी सुरू होतं, पण दोष कशात होता ते कोणालाच कळत नाही. चाचणीच्या ड्रोनचं हेच होतं. फ्रेम, मोटरी, पंखे, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) हे सगळं कायम ठेवून फक्त बोर्ड बदलला, तरच बोर्डाबद्दल काही बोलता येतं. म्हणून अशा फ्रेमकडून मला हलकेपणा नको, देखणेपणा नको. पडल्यावर ती पुन्हा होती तशीच उभी राहिली पाहिजे, आणि तीही संध्याकाळच्या आत.

सगळ्या फ्रेमांवर मी एकच सामान चढवलं: ए२२१२ जातीच्या १००० केव्हीच्या (म्हणजे दर व्होल्टला मिनिटाला १००० फेरे) चार मोटरी, ३० अँपिअरचे ईएससी, १०४५ पंखे म्हणजे १० इंच लांबी आणि ४.५ इंच पिच, आणि ३एस म्हणजे तीन सेलची २२०० एमएएचची लायपो बॅटरी. तिरप्या समोरासमोरच्या मोटरींमधलं अंतर ४५० मिमी. एकूण वजन सव्वा किलोच्या आत.

खिडकीचं ॲल्युमिनियम

स्लायडिंग खिडक्या करणाऱ्याकडे अर्ध्या इंची चौकोनी नळीचे तुकडे कोपऱ्यात पडलेले असतात. भिंत १ मिमी जाड असेल तर २२ सेंमीचा हात साधारण २८ ग्रॅम भरतो. स्वस्त, सरळ, ड्रिल मारायला सोपा. पहिली फ्रेम मी याचीच केली आणि महिनाभर तिच्यावर खूश होतो.

रंग दिसला तो पडल्यावर. ॲल्युमिनियम मोडत नाही, वाकतं. हातोडीने सरळ केलं तरी थोडा पीळ आत राहतोच. मग त्या हातावरचा पंखा जरासा तिरका ओढतो, ड्रोन स्वतःभोवती फिरायला बघतं, कंट्रोलर ते थोपवण्यासाठी दोन मोटरी जास्त आणि दोन कमी पळवतो, आणि आपण बोर्डाला शिव्या देतो. माझा अख्खा आठवडा असा गेला. गायरो (कलणं-वळणं मोजणारा सेन्सर) बदलला, सेटिंग बदललं, फर्मवेअर म्हणजे बोर्डातलं सॉफ्टवेअर पुन्हा टाकलं. शेवटी फ्रेम काचेवर पालथी ठेवली तेव्हा एक टोक आगकाडीइतकं वर दिसलं.

दुसरं दुखणं थरथरीचं. धातूची नळी मोटरची थरथर जशीच्या तशी मधल्या पाटीपर्यंत पोचवते. आर्डुपायलट हे बोर्डावर टाकायचं फर्मवेअर, त्याच्या लॉगमध्ये म्हणजे उड्डाणाच्या नोंदीत कंपनाचा आकडा मिळतो. तो ३० च्या खाली असेल तर सहसा चालतं, ६० च्या वर गेला तर उंची आणि जागा धरणं जवळपास नक्की बिघडतं. माझ्या ॲल्युमिनियमवर तो ४० च्या आसपास खेळायचा. तेच पंखे, त्याच मोटरी सागावर लावल्या तर २० च्या खाली. शिवाय नळीतून वायर ओवली की छान दिसते, पण कापलेली कड वायरचं इन्सुलेशन सोलते आणि फ्रेम स्वतःच वीजवाहक. एक ईएससी त्यातच जळाला. आता ॲल्युमिनियम मी फक्त पायांना वापरतो.

सागाच्या पट्ट्या

विदर्भात सागाला तोटा नाही. सुताराकडे चौकटीतून उरलेले तुकडे असतात, त्यातून १२ मिमी चौरस पट्ट्या चिरून घ्यायच्या. रेषा सरळ असाव्या, गाठ नको. २२ सेंमीचा हात साधारण २० ग्रॅमचा होतो, म्हणजे ॲल्युमिनियमपेक्षाही हलका. मधल्या दोन पाट्या ४ मिमी प्लायच्या.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आमचे सुतारकाका म्हणाले, "इमानाले सागवान कायले लागते बा? पडलं त मोडनच ना!" म्हटलं, "मोडालेच पायजे, काका." त्यांना वाटलं पोरगं वाया गेलं. पण खरं तेच आहे. हात मोडला म्हणजे मोटरचा शाफ्ट वाचला, पाटी वाचली, बोर्ड वाचला. मोडलेला हात वाकलेल्या हातासारखा लबाडी करत नाही, तो सरळ सांगतो की मी गेलो. मी प्रत्येक हात पाट्यांमध्ये एका एम३ बोल्टवर धरतो आणि दुसऱ्या भोकात बोल्टऐवजी प्लॅस्टिकची टाय घालतो. हलक्या धडकेत टाय तुटते, हात मागे वळतो, नवी टाय घातली की पुन्हा तयार.

आता उणी बाजू. सागाचे दोन हात कधीच एकसारखे नसतात. आठ-दहा चिरून ठेवा, सोनाराच्या काट्यावर वजन करा आणि जवळच्या वजनाचे चार निवडा. एप्रिलमध्ये लाकूड सुकतं, बोल्ट ढिले होतात, भोकं लंबगोल व्हायला लागतात. वॉशर लावल्याशिवाय मोटर बसवू नका आणि उडवण्याआधी प्रत्येक बोल्टला एकदा हात लावा. वॉर्निशचा एक हात दिला तर पावसाळ्याची ओल फारशी त्रास देत नाही. तसंही सोयाबीन उभं असताना उडवायला मोकळं वावर मिळतं कुठे!

एफ४५०

डीजेआयच्या फ्लेमव्हील मालिकेतली ही फ्रेम. काचतंतू मिसळलेल्या नायलॉनचे हात, फ्रेमचं वजन २८२ ग्रॅम. बाजारात बहुतेक नकलाच मिळतात आणि शिकायला त्या पुरतात. हिचा मोठा गुण हा की ती जगभर असंख्य लोकांनी उडवलेली आहे. आर्डुपायलटचं मूळ सेटिंग या आकाराच्या ड्रोनवर बऱ्यापैकी चालतं, त्यामुळे तुमचं डोलायला लागलं तर दोष फ्रेममध्ये शोधण्याआधी जोडणीत शोधता येतो. खालची पाटीच वीजवाटपाची असते, ईएससीच्या वायरी तिच्यावरच डाखायच्या. माझ्यासारख्या डाख मारणाऱ्याला त्यात काही नाही, पण ती नीटनेटकी सोय आहे.

खोट दोन ठिकाणी. नकलेच्या हातात पितळी आटे असतात, ते दोन-तीनदा स्क्रू काढून घातले की फिरायला लागतात. आणि हात तुटला तर नवा कुरिअरनेच येणार. आमच्या गावाचा पिनकोड निम्मे विक्रेते घेतच नाहीत, पार्सल तालुक्याला थांबतं. शनिवारी तुटलेला हात पुढच्या शुक्रवारी बसतो. नागपूरला सीताबर्डीत मिळतो, पण एका हातासाठी दिवस आणि एसटीचं भाडं कोण घालवणार?

माझं मत असं: खिशात एकाच फ्रेमचे पैसे असतील आणि हातात ड्रोन पहिल्यांदाच येत असेल, तर एफ४५० आणि सोबत चार जादा हात एकदमच मागवा. एक ड्रोन उडवून झालेलं असेल आणि आता बोर्ड उलटसुलट करून बघायचे असतील, तर साग. माझ्याकडे आज दोन्ही आहेत. सागावर शंका आली की तोच बोर्ड एफ४५० वर चढवून ताडून बघतो.

बोर्ड कोणता आधी

केके २.१.५ अजून लोकांच्या कपाटात सापडतो. एटमेगा६४४पीए चिप, छोटा पडदा, चार बटणं. लॅपटॉपशिवाय वावरातच सेटिंग बदलता येतं, ही त्याची खरी मजा. पी आणि आय (चूक किती जोरात आणि किती चिकाटीने दुरुस्त करायची ते ठरवणारे आकडे) वाढवला-घटवला की ड्रोन कसं वागतं हे हाताला कळायला याच्यासारखा मास्तर नाही. पण जीपीएस नाही आणि लॉगही नाही. म्हणजे पडल्यावर का पडलं हे तुमच्या आठवणीवर.

एपीएम २.८ फुकट मिळाला तरच घ्या. त्याच्या ८ बिटी चिपची ताकद संपली आणि आर्डुपायलटने त्याच्यासाठी कॉप्टर ३.२.१ नंतरची आवृत्ती दिलेली नाही. नवी कागदपत्रं वाचून जुन्या बोर्डावर ते पर्याय शोधत बसण्यात एका पोराचे दोन महिने गेले.

पिक्सहॉक २.४.८ हा खरा घोडा. ३२ बिटी चिप, एसडी कार्डावर लॉग, दोन जीपीएस, टेलिमेट्री (उडताना माहिती जमिनीवर पाठवणारा रेडिओ), सगळं जोडायला जागा. तो महाग पडतो, आणि नकलांमध्ये सगळे सारखे नसतात. माझ्याकडे आलेल्या एकाचा कंपास पहिल्या दिवसापासून भलतीच दिशा दाखवायचा, बाहेरचा जीपीएस-कंपास लावूनच निभावलं.

एफ४०५ चिपचे छोटे बोर्ड मधला रस्ता आहेत. एकाच बोर्डावर आज बीटाफ्लाइट, उद्या आयनॅव्ह, परवा आर्डुपायलट असं वेगवेगळं फर्मवेअर टाकता येतं, आणि कंट्रोलर तपासणाऱ्याला याहून काय हवं? फ्लॅश म्हणजे फर्मवेअरची जागा १ एमबी असल्याने आर्डुपायलटची काही अंगं गळतात, पण जागा धरणं, घरी परतणं, ठरलेल्या वाटेने जाणं हे सगळं होतं. आज पैसे मोजून एकच बोर्ड घ्यायचा तर मी हा घेईन. पुढे फवारणीच्या मोठ्या ड्रोनकडे जायचं नक्की असेल तर मात्र पिक्सहॉकवरच हात बसवलेला बरा.

बोर्ड बदलताना पोरं जिथे हमखास पालथी पडतात ती जागा म्हणजे मोटरचे नंबर. पंखे फिरण्याची मूळ दिशा (घड्याळाच्या काट्याला सुलट की उलट) सगळीकडे तीच, नंबर मात्र प्रत्येकाचा निराळा:

| जागा | केके २ | आर्डुपायलट | बीटाफ्लाइट, आयनॅव्ह | दिशा |
|---|---|---|---|---|
| पुढे उजवी | २ | १ | २ | उलट काटा |
| पुढे डावी | १ | ३ | ४ | सुलट काटा |
| मागे उजवी | ३ | ४ | १ | सुलट काटा |
| मागे डावी | ४ | २ | ३ | उलट काटा |

म्हणून मी सिग्नलच्या वायरीवर नंबर लिहीत नाही, जागा लिहितो: "पुउ", "पुडा", "माउ", "माडा". पॅनल वायरिंगचे कोरे फेरूल (वायरीवर चढवायच्या छोट्या नळ्या) घेतले आणि त्यावर मार्करने लिहिलं. दुसरा बदल मधल्या पाटीचा. केकेची भोकं ४५ मिमीवर, छोट्या बोर्डांची ३०.५ मिमीवर, पिक्सहॉकला तर फोमची दुहेरी टेप. प्रत्येक बोर्डाची स्वतंत्र प्लायची पाटी करून ठेवली, ती चार बोल्टवर बदलते. बोर्ड बदलायला आधी दीड तास लागायचा, आता वीस मिनिटं. त्यातली निम्मी ईएससी कॅलिब्रेशनमध्ये जातात, कारण साध्या पीडब्ल्यूएम सिग्नलवरच्या ईएससीला प्रत्येक नव्या बोर्डाचा थ्रॉटल पुन्हा शिकवावा लागतो. डीशॉट म्हणजे डिजिटल सिग्नलवाले ईएससी घेतले तर ती कटकट संपते.

वावरात

पंखे काढूनच मोटरी तपासायच्या, यावर वाद नको. काही जण ड्रोन दोरीने खाटेला बांधून पीआयडी (पी, आय आणि डी हे आकडे) बघतात. बांधलेल्या ड्रोनला हलता येत नाही, कंट्रोलरची चूक भरून निघत नाही, आय वाढत जातो आणि एखादी मोटर उगाच बोंब मारते. बांधून फक्त दिशा आणि स्टिक बघा, ट्युनिंग नको.

कंपास टिनाच्या शेडखाली, ट्रॅक्टरजवळ किंवा लोखंडी खाटेशेजारी कॅलिब्रेट केला तर तो वावरात खोटं बोलणार. बॅरोमीटरवर स्पंजचा तुकडा ठेवा. वारा लागतोच, पण पिक्सहॉक आणि एपीएमवरचा एमएस५६११ उजेडानेही बिथरतो आणि आपल्याकडचं ऊन काही कमी नाही.

मे महिन्यात ४५ अंशांत हवा १५ अंशांच्या मानाने सुमारे ९ टक्के पातळ असते, म्हणजे तेवढ्याच वजनाला जास्त थ्रॉटल. डिसेंबरात लावलेलं ट्युनिंग मेमध्ये ढिलं वाटलं तर बोर्डाला दोष देऊ नका. सकाळी आठच्या आत उरका, दुपारी वावटळी फिरतात. काळ्या मातीतले लोहाचे कण मोटरच्या चुंबकाला चिकटतात, म्हणून उतरायला जुनं फ्लेक्स अंथरतो. लायपो उन्हात गाडीत ठेवायची नाही. प्रति सेल ३.५ व्होल्टला खाली उतरवायची आणि आठवडाभर उडवणार नसाल तर ३.८ वर ठेवायची. लाइट नसेल तर बी६ चार्जर ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, त्याला ११ ते १८ व्होल्ट डीसी पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोपर्यंतचं ड्रोन मायक्रो गटात येतं. बिगर-व्यावसायिक वापराला त्यात रिमोट पायलट प्रमाणपत्र लागत नाही. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळाच्या नकाशावर हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मुभा आहे, पण नकाशा प्रत्येक वेळी बघा. पुलगावचा दारूगोळा डेपो, भंडारा आणि चांद्याच्या आयुध निर्माणी आपल्या शेजारीच आहेत, आणि मेळघाट-ताडोबाच्या जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय ड्रोन काढायचंच नाही. फेब्रुवारी २०२२ पासून परदेशी तयार ड्रोन आणायला बंदी आहे, सुटे भाग आणता येतात.

मागवताना सगळ्यात आधी बॅटरी मागवा. लायपो सहसा रस्त्यानेच येते आणि ती यायच्या आत साग चिरून, वॉर्निश वाळून होतं.