जर्मन घरात सहा महिने आणि 40 युरोंची खिडकी

अनामत रक्कम ठाण्याला परतल्यावर दीड महिन्यानं जमा झाली, तीही 40 युरो कापून. कारण काय, तर कपाटामागच्या भिंतीला आलेली बुरशी. जवळपास चार हजार रुपये! तेव्हा डोकं तापलेलं असतानाच लिहायला बसलोय.

इंटर्नशिप स्टुटगार्टला, ऑक्टोबर ते मार्च. राहायला एका जोडप्याच्या फ्लॅटमधली मागची खोली, हीटिंग भाड्यातच. त्यांनी एकेरीत हाक मार म्हणून बजावलं होतं, पण मनात मी काकूच म्हणायचो. आन्मेल्डुंगला, म्हणजे पत्त्याच्या सरकारी नोंदणीला, लागणारं घरमालकाचं पत्र पहिल्याच दिवशी हातात. रात्री पाव-चीजचं थंड जेवण, ते पंधरा दिवसांत अंगवळणी पडतं. केरवोखे तर मला आवडलंच. दारावर पाटी लटकली की त्या आठवड्यात जिना झाडायची पाळी आपली. नावातच केर!

छळ होता तो श्टोसल्युफ्टनचा. बाहेर दोन अंश, आणि काकू रोज सकाळी रेडिएटर बंद करून खिडकी सताड उघडणार. घड्याळ लावून पाच मिनिटं. मी रजईत गोळा. तापवलेली हवा रस्त्यावर सोडून द्यायची, ही कसली काटकसर? आमच्याकडे एसी चालू असताना दार फटीएवढं उघडं राहिलं तरी बाबा घर डोक्यावर घेतात. मग काकूंची पाठ वळली की मी खिडकी लावून रेडिएटरचा नॉब थेट 5 वर न्यायचो. (3 म्हणजे साधारण 20 अंश, तेवढं पुरतं. 5 वर लवकर तापत नाही, नुसतं तापतच राहतं. हे फेब्रुवारीत कळलं.)

इथपर्यंत काल लिहिलं होतं. मधे काकूंना एक तिखट मेलही टाकली होती. आज उत्तर आलं: भिंतीचे तीन फोटो आणि रंगाऱ्याचं 80 युरोंचं बिल. म्हणजे निम्मे त्यांनी स्वतःच सोसले होते. एका फोटोत दोरीवर माझेच मोजे.

शांतपणे वाचल्यावर पटलं. दुहेरी काचेच्या खिडक्या इतक्या घट्ट बसतात की श्वासाची, कपड्यांची ओल आतच राहते आणि गार भिंतीवर जाऊन बसते. हिवाळ्यातली बाहेरची हवा कोरडी. पाच मिनिटांत हवा बदलते, पण भिंती गार पडत नाहीत, म्हणून खोली पुन्हा लगेच तापते. घोडबंदरच्या आमच्या फ्लॅटमध्ये पावसाळ्यात हे करू नका, तिथे बाहेरचीच हवा ओली असते.

या खोलीला पाचपैकी चार. काल दोन देणार होतो. तुम्ही खोली घेताना कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटलेलं असेल तर वीतभर पुढे ओढा. आणि कपडे वाळवायला तळघर आहे का, ते विचारून घ्या. आमच्याकडे होतं. चार जिने उतरावे लागतात म्हणून मी दोनदाच गेलो.