एस्साविराची मावळतीची फेरी: खानदेशातून जाणाऱ्यांसाठी

मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावर एस्साविरा नावाचे तटबंदीचे एक लहान शहर आहे. सूर्यास्तापूर्वी सुरू होऊन अंधार पडता पडता संपणारी, परवानाधारक गाइडबरोबरची साधारण दोन तासांची पायी फेरी तेथे मिळते. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून मोरोक्कोला जाणाऱ्या प्रत्येकाने ती घ्यावी असे माझे मत आहे. मात्र ती मुक्कामाच्या पहिल्याच संध्याकाळी घ्यावी, आणि फेरी ठरवतानाच दुकानात थांबा नको हे स्पष्ट सांगून ठेवावे.

पहिल्याच संध्याकाळी का, याचे उत्तर आपल्या मुलखात आहे. लळिंगच्या किल्ल्यावर किंवा पारोळ्याच्या भुईकोटात गेलो की टाके कोठे, दरवाजा अमुक दिशेलाच का, शत्रू कोणत्या बाजूने येईल, हे आपल्याला कोणी फारसे समजावून सांगावे लागत नाही. समुद्राकाठच्या शहराशी मात्र आपली अशी ओळख नसते. वारा कोणत्या महिन्यात कोणीकडून येतो, ओहोटीला किनारा किती उघडा पडतो, बंदराचे तोंड त्या विशिष्ट बाजूलाच का ठेवले आहे, या गोष्टी माहीत नसताना एस्साविरा पाहिले तर पांढऱ्या भिंती, निळे दरवाजे आणि समुद्रपक्ष्यांचा कलकलाट एवढेच मनात राहते. या फेरीत गाइडने शहराची बांधणी उलगडून दाखवली, आणि त्यानंतरच्या मुक्कामात आम्ही त्याच गल्ल्यांतून एकटे फिरलो तेव्हा प्रत्येक कोपऱ्याला अर्थ आला होता.

फेरी मुलाय हसन चौकातून सुरू होते. गाइडने सूर्यास्ताच्या सुमारे दीड तास आधीची वेळ दिली होती आणि ती त्याने काटेकोरपणे पाळली. वेळेविषयी एक गोष्ट येथून जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी. मोरोक्कोचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे आहे, परंतु देश पश्चिमेकडे असूनही तेथील प्रमाणवेळ पुढे ओढलेली असल्यामुळे घड्याळात सूर्यास्त फार उशिरा होतो. जूनमध्ये जळगावात सात वाजून गेल्यावर लगेच मावळते, तर एस्साविरात पावणेनऊच्या आसपास. डिसेंबरमध्येही साडेसहा होऊन जातात. माराकेश या मोठ्या शहराहून सकाळी निघून त्याच दिवशी परतणाऱ्या सहलींच्या बसगाड्या बहुधा दुपार कलतानाच माघारी फिरतात, म्हणजे त्यांतून येणाऱ्यांना ही फेरी मिळतच नाही. माराकेश ते एस्साविरा रेल्वे नाही; बसने साधारण तीन तास लागतात. एक रात्र तरी मुक्काम ठेवावा.

चौकातून गाइडने आम्हाला प्रथम बंदराकडे नेले, आणि माझ्या दृष्टीने हा सर्व फेरीतला सर्वांत चांगला निर्णय होता. उतरत्या उन्हात मासेमारीच्या लाकडी नावा, त्यांतल्या लहान नावा एकसारख्या निळ्या रंगात, धक्क्याला एकमेकींना खेटून उभ्या असतात. शेजारीच लाकडी नौका बांधण्याची जागा आहे. अर्धवट बांधलेल्या नावेचा सांगाडा तेथे उघडा पाहायला मिळतो. मासे साफ करणे, जाळी विणणे, बर्फ वाहणे ही कामे डोळ्यांसमोर चालू असतात. आमच्यासारख्या शाकाहारी घरातील माणसांना तो वास जड जातो, हे मी लपवणार नाही. तरीही तेथे पंधरा मिनिटे थांबावे, कारण या शहराच्या हवामानाचे कारण गाइडने तेथेच समजावले. या किनाऱ्याजवळून कॅनरी प्रवाह वाहतो, वाऱ्यामुळे पृष्ठभागाचे पाणी बाजूला ढकलले जाते आणि खालचे थंड, पोषक द्रव्यांनी भरलेले पाणी वर येते. त्या पाण्यावर सार्डिनसारखे मासे वाढतात, आणि त्याच थंड पाण्यामुळे, आपल्याकडे भर उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसकडे सरकतो तसा तो येथे कधी क्वचितच चढतो. ऐन उन्हाळ्यातही एस्साविराची दुपार बहुतेक वेळा पंचवीस अंशांच्या आतबाहेर राहते. माराकेश भट्टीसारखे तापलेले असताना तीन तासांवरच्या या शहरात अंगावर शाल घ्यावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर या काळात वारा विशेष जोराचा असतो. टोपी नेऊ नये, उडून जाते. कान झाकणारा रुमाल आणि जाड अंगरखा न्यावा.

बंदर आणि शहर यांच्या मध्ये बाब अल-मर्सा हा दगडी दरवाजा आहे. त्यावर हिजरी ११८४ हे वर्ष कोरलेले आहे, म्हणजे इसवी सनाच्या १७७०च्या आसपासचे. दरवाजाची ठेवण युरोपीय आणि लेख अरबी, आणि गाइडने संपूर्ण शहराची गोष्ट या एका दरवाजाशी उभे राहून सांगितली. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकाच्या आरंभी येथे एक किल्ला बांधला होता, पण तो फार काळ टिकला नाही. आजचे शहर वसवले ते सुलतान सिदी मोहम्मद बेन अब्दल्ला याने, १७६०च्या दशकात, युरोपाशी होणारा व्यापार आपल्या नजरेखालील एकाच बंदरातून चालावा या हेतूने. आराखड्याचे काम तेओदोर कॉर्नू या फ्रेंच अभियंत्याकडे होते. म्हणून फेस किंवा माराकेश या शहरांच्या जुन्या वस्तीत माणूस हमखास चुकतो, तसा तो येथे चुकत नाही. मुख्य रस्ते सरळ आहेत आणि एकमेकांना काटकोनात छेदतात. युनेस्कोने २००१ साली या जुन्या शहराला जागतिक वारसा यादीत घेतले ते याच कारणासाठी, की उत्तर आफ्रिकेच्या भूमीवर युरोपीय लष्करी स्थापत्याच्या तत्त्वांनुसार आखलेले अठराव्या शतकातील हे शहर अजून शाबूत आहे.

येथे मला खानदेशाची आठवण झाली, आणि ती मी सविस्तर सांगतो. सतराव्या शतकात बुऱ्हाणपूरहून सुरतेकडे जाणारे तांडे आपल्या तापीच्या खोऱ्यातून, थाळनेर, नंदुरबार, नवापूर या वाटांनी जात असत. त्या मार्गाच्या मधल्या मुक्कामांवर आपली गावे वाढली. तांड्यांचा माल शेवटी ज्या समुद्रावर पोहोचत असे, तो समुद्र मात्र आपल्या लोकांपैकी थोड्यांनीच पाहिला असेल. एस्साविरा हे तशाच एका मार्गाचे समुद्राकडील टोक आहे. सहारा ओलांडून तिंबक्तूकडून येणारे उंटांचे तांडे शहामृगाची पिसे, डिंक, हस्तिदंत, कातडी घेऊन येत आणि येथून तो माल युरोपात जाई. परतीच्या वाटेवर इंग्रजी कापड आणि चिनी हिरवा चहा देशाच्या आत जाई. एकोणिसाव्या शतकात खानदेशचा कापूसही मुंबईमार्गे इंग्लंडच्या गिरण्यांकडे चालला होता, हे लक्षात घेतले तर मोगादोर, म्हणजे तेव्हाचे एस्साविरा, आणि आपली कापसाची बाजारपेठ एकाच व्यापारजाळ्याच्या दोन टोकांना बांधलेल्या होत्या असे म्हणता येते. पुढे वाफेची मोठी जहाजे आली, हे उथळ बंदर त्यांना पुरेना, कासाब्लांका आणि अगादीर वाढले, आणि एस्साविराचा व्यापार ओसरला. शहर जसेच्या तसे उरले याचे एक मोठे कारण ही पीछेहाट आहे, असे गाइडने सांगितले आणि ते मला पटले.

या व्यापाराचा मोठा भाग ज्यू कुटुंबांच्या हाती होता. सुलतानाने त्यांतील काही घराण्यांना खास व्यापारी म्हणून येथे आणून वसवले होते. त्यांच्या वस्तीचा भाग, मेल्लाह, फेरीत येतो, आणि २०२० साली उघडलेल्या बायत दाकिरा या जुन्या प्रार्थनास्थळासह असलेल्या वारसाकेंद्राकडे गाइडने बोट दाखवले. मात्र संध्याकाळी ते बंद झालेले होते. दुसऱ्या दिवशी आम्ही ते स्वतंत्रपणे पाहिले. चांदीकामासाठी हे शहर पूर्वी प्रसिद्ध होते आणि ते काम ज्यू कारागीर करीत. जळगावच्या सराफ बाजारात वाढलेल्या माझ्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, तेथील जुन्या नक्षीविषयी गाइडला इतके प्रश्न विचारले की आमची गती मंदावली. त्याने न कंटाळता उत्तरे दिली, याची नोंद केली पाहिजे.

आता तक्रार. वाटेत आम्हाला आरगन तेलाच्या एका दुकानात नेण्यात आले आणि तेथे जवळपास अर्धा तास गेला. आरगन हा विषय कंटाळवाणा नाही. मुख्यतः नैऋत्य मोरोक्कोत नैसर्गिकरीत्या वाढणारे हे झाड आहे, त्याच्या कठीण बियांतून दाणे काढून ते दगडी जात्यावर दळून तेल काढतात, भाजलेल्या दाण्यांचे तेल खाण्यासाठी आणि न भाजलेल्यांचे त्वचेसाठी वापरतात. हे ज्ञान युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत २०१४ सालीच नोंदले गेले आहे. घाण्याचे शेंगदाणा तेल घरात वापरणाऱ्या कोणालाही हे पाहण्यात रस वाटेल. पण दोन तासांच्या फेरीत, ऊन क्षणाक्षणाला उतरत असताना, विक्रेत्याचे भाषण ऐकत बसणे हा प्रवाशांच्या पैशांचा आणि वेळेचा अपव्यय आहे. नीट विचारणा केल्यावर कळले की आधी सांगितले असते तर हा थांबा वगळता आला असता. फेरी देणाऱ्यांनी ही गोष्ट आपणहून सांगायला हवी होती.

दुसरी उणीव मला अधिक खटकली. एस्साविरा हे ग्नावा संगीताचे शहर म्हणून ओळखले जाते. १९९८ पासून येथे ग्नावाचा मोठा महोत्सव भरतो, आणि २०१९ साली या परंपरेची युनेस्कोच्या अमूर्त वारसा यादीत नोंद झाली. फेरीत एका कोपऱ्यावर गेंब्री हे तीन तारांचे वाद्य आणि करकबा या लोखंडी चिपळ्या वाजवणारे दोघे कलावंत भेटले, आम्ही थोडा वेळ ऐकले, पैसे ठेवले आणि पुढे निघालो. हे संगीत सहारापलीकडून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या वंशजांनी जपले आहे, ज्या तांड्यांची गोष्ट आम्हाला दरवाजाशी इतक्या तन्मयतेने सांगितली गेली त्याच तांड्यांबरोबर माणसेही विकायला आणली जात होती, याविषयी गाइड एक शब्दही बोलला नाही. व्यापाराचे वैभव सांगायचे आणि त्याची ही बाजू गाळायची, हे मला योग्य वाटले नाही. विचारल्यावर त्याने प्रामाणिकपणे उत्तर दिले. तेव्हा जाणाऱ्यांनी जरूर विचारावे.

शेवटचा टप्पा म्हणजे शहराच्या पश्चिम बाजूचा तट, स्काला. तटाखाली पूर्वीच्या दारूगोळ्याच्या कोठारांत आता थुया नावाच्या झाडाच्या लाकडाचे कारागीर बसतात. त्या लाकडाचा सुवास वर चढताना येतो. वर पितळी-काशाच्या जुन्या तोफांची लांब रांग आहे, त्यांतील अनेक स्पेनमध्ये ओतलेल्या. समोर खडक, त्यांवर आपटणारा अटलांटिक, आणि सूर्य थेट पाण्यात उतरतो. गाइडने येथे एक उपयोगी गोष्ट सांगितली: समुद्राकडे तोंड करून उभे राहिल्यास जूनमध्ये सूर्य उजव्या हाताला बराच सरकून मावळतो आणि डिसेंबरमध्ये डावीकडे, बंदर आणि मोगादोर बेटाच्या दिशेने. म्हणून ऋतू पाहून तो तटावरील जागा निवडतो. त्या बेटावर एलिओनोरा ससाणे वीण घालतात; ते संरक्षित असल्यामुळे परवानगीवाचून तेथे उतरता येत नाही. प्राचीन काळी या भागात समुद्री गोगलगायींपासून किरमिजी-जांभळा रंग काढला जात असे. दुकानात गेलेला अर्धा तास आम्हाला येथे हवा होता, कारण सूर्य बुडाल्यावर गर्दी लगेच पांगते, मशिदींतून मगरिबची अजान सुरू होते, आणि आकाशातील रंग आपल्याकडच्यापेक्षा जरा अधिक वेळ टिकतो, तेव्हाच आमची फेरी संपली.

फेरीच्या अखेरीस गच्चीवर पुदिन्याचा चहा मिळतो. तो अतिशय गोड असतो. साखर कमी हवी तर आधीच सांगावे. शाकाहारींना तेथे अमलू, म्हणजे आरगन तेल, बदाम आणि मध यांचे मिश्रण, मसेमन या पदरी पोळीबरोबर मागता येते, आणि ताईला ते फार आवडले. हरीरा हे सूप मात्र विचारल्याशिवाय घेऊ नये, त्यात बहुधा मांस असते. भाज्यांच्या कुसकुसमध्येही रस्सा मांसाचा असू शकतो.

रमजानमध्ये जाणार असाल तर या फेरीचे वेळापत्रक आधी नक्की करून घ्यावे. त्या महिन्यात देशाचे घड्याळ एक तास मागे घेतात, आणि सूर्यास्ताला सगळे शहर उपवास सोडण्यासाठी घरी जाते. गाइडलाही त्या वेळी मोकळे ठेवणे हेच माणुसकीचे आहे. फेरीतील चाल सपाट आहे, फक्त तटावर थोडी चढण लागते आणि फरशी ओलसर असते. गुडघेदुखी असूनही ताई सावकाश चढली. गाइडच्या गळ्यात पर्यटन खात्याचे ओळखपत्र आहे ना, हे पाहून घ्यावे. शक्य असेल तर मोठ्या गटाऐवजी चारपाच जणांनी मिळून स्वतंत्र गाइड घ्यावा. खर्च थोडा वाढतो, पण दुकान वगळता येते, तटावर हवा तेवढा वेळ थांबता येते, आणि ताईसारखी माणसे मनसोक्त प्रश्न विचारू शकतात.