बसस्थानकाजवळचे जुने गाळे: पाडून बांधायचे की टप्प्याटप्प्याने सुधारायचे?

म्हापसा असो, फोंडा असो वा मडगाव, गोव्याच्या सरकारी कदंब बसच्या थांब्यालगतच्या बाजाराचा वाद याच दोन पर्यायांवर अडतो.

सगळे पाडून संकुल बांधले तर पार्किंग मिळते. तळघरात असेल तर पावसाळ्यात पंप चालू ठेवावे लागतात. दुकानदाराचे खरे दुखणे मधल्या काळाचे. तात्पुरता गाळा प्रवाशांच्या वाटेवर नसला की गिऱ्हाईक तुटते. म्हणून तळमजल्यावरची जागा, चौरस मीटरमध्ये चटई क्षेत्र (भिंतींच्या आतली वापरायची जागा), ताब्याची तारीख आणि उशीर झाल्यास दरमहा भरपाई करारात आधीच लिहून घ्यावी. नुसत्या ‘बिल्टअप’वर, म्हणजे भिंतींसकट मोजलेल्या क्षेत्रावर, सही केली तर भिंतीच जागा खातात. भाडेकरूंनी 1968 चा गोव्याचा भाडे नियंत्रण कायदा समजून घेतल्याशिवाय चावी देऊ नये.

टप्प्याटप्प्याच्या कामात धंदा चालू राहतो, पण हाताशी ऑक्टोबर ते मे एवढेच महिने. आधी गटार आणि केबलच्या नळ्या, मग पदपथ, शेवटी डांबर. जुना थर न खरवडता नवा घातला की रस्ता जोत्याच्या वर चढतो आणि जूनमध्ये पाणी दुकानात शिरते.

खाऱ्या हवेने खांबांतल्या सळया गंजल्या असतील तर पाडणेच बरे. एरवी आम्ही दुसरा मार्ग निवडू. पायलट (मोटरसायकल टॅक्सी) आणि रिक्षांची जागा मात्र दोन्ही आराखड्यांत पहिल्याच दिवशी दाखवलेली हवी.