आधी दाते मोजले, मग वेल्डिंग केले: जुन्या जीपच्या पुढच्या एक्सलचे काम

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाच्या नाल्याच्या दोन्ही काठांवर आमचे वावर आहे, आणि पेरणीपासून वेचणीपर्यंत फवारणीच्या पाण्याचे ड्रम, खताची पोती आणि कधी कधी मजूरही त्या नाल्यातून पलीकडे न्यावे लागतात. हे काम वडिलांच्या वेळेपासून एक जुनी सीजे-३बी जीप करते. विलिज कंपनीने अमेरिकेत १९५३ मध्ये काढलेली आणि पुढे महिंद्राने भारतात दीर्घकाळ बनवलेली ही गाडी अवघ्या ८० इंच व्हीलबेसची असल्यामुळे अरुंद धुऱ्यावरूनही वळते. गेल्या वर्षीच्या जुलैत मात्र नाला ओलांडताना पुढच्या बाजूने कडाड असा आवाज आला, स्टेअरिंगला हिसका बसला आणि गाडी मधोमध थांबली. तिला बाहेर काढायला दोन ट्रॅक्टर लागले. त्यानंतर तालुक्याच्या गावातील एका गॅरेजमध्ये मी जीपला पुढचा अधिक मजबूत एक्सल, म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा आणि फिरवणारा आडवा सांगाडा, बसवून घेतला. त्या कामाला आता एक पूर्ण पावसाळा झाला आहे, म्हणून त्याविषयी सविस्तर लिहीत आहे.

एक्सल उघडल्यावर डावा शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा आतला दांडा, स्प्लाइनजवळ (टोकाच्या खाचांजवळ) पिळून तुटलेला दिसला. या जीपला पुढे डाना २५ जातीचा एक्सल असतो, त्याच्या क्राउनचा, म्हणजे आतल्या मोठ्या दातेरी चक्राचा, व्यास पावणेआठ इंच असतो, आणि मूळच्या ६.०० बाय १६ टायरसाठी तो पुरेसा आहे. आम्ही चिखलासाठी ७.५० बाय १६ चे टायर घातले होते, त्यामुळे चाकाची उंची सुमारे तीन इंचांनी वाढली आणि शाफ्टवरचा पीळही त्या प्रमाणात वाढला. त्यात पहिल्या गिअरचे २.८०, लो गिअरचे २.४६ आणि एक्सलचे ५.३८ असे तिन्ही गुणोत्तर गुणले की इंजिनाचा जोर सुमारे ३७ पट होतो. काळ्या चिकण मातीत मागची चाके सैल फिरू लागली की त्यातला बहुतेक जोर पुढे येतो, आणि चिखलात फिरणाऱ्या पुढच्या चाकाला नाल्याच्या तळाचा काळा पाषाण अचानक सापडला की तो सगळा झटका शाफ्टवर बसतो. आमचा शाफ्ट असाच गेला. नुसता शाफ्ट बदलून भागले असते, पण पुढच्या वर्षी हेच झाले असते, याची मला खात्री होती.

जीप नव्याने बांधण्यासाठी हरियाणातील मंडी डबवाली प्रसिद्ध आहे, आणि दोन-तीन ओळखीच्या लोकांनी गाडी तिकडेच पाठवण्याचा सल्ला दिला होता. मी तो मानला नाही, कारण एवढ्या लांब गाडी पाठवली की काम होत असताना समोर उभे राहता येत नाही आणि नंतर काही बिघडले तर विचारायला कोणी जवळ नसते. गॅरेजच्या मिस्त्रींनी पहिल्या भेटीत किंमत सांगितलीच नाही. "भाऊ, आदी दाते मोजू, मंग पैशाचं पाहू," एवढेच ते म्हणाले, आणि माझा या गॅरेजवर विश्वास बसला तो याच वाक्यामुळे.

त्यांनी ते कसे मोजले, हे सांगण्यासारखे आहे. मागचे एक चाक जॅकवर उचलून दुसरे जमिनीवर पक्के ठेवले, उचललेल्या चाकाच्या बाजूवर आणि जॉइंट शाफ्टवर (इंजिनाकडचा जोर एक्सलपर्यंत नेणाऱ्या लांब दांड्यावर) खडूने रेघ ओढली, गाडी न्यूट्रलमध्ये टाकली आणि पोराला चाक बरोबर दोन फेरे फिरवायला सांगितले. जॉइंट शाफ्ट पाच फेरे आणि वर एक तृतीयांशापेक्षा थोडा अधिक फिरला. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राउनचा एक फेरा, त्यामुळे गुणोत्तर ५.३८ आहे हे ठरले. नंतर मागचे झाकण काढून दातेही मोजले: क्राउनला ४३, पिनियनला, म्हणजे त्याला फिरवणाऱ्या लहान चक्राला, ८. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये वेगातला फरक सामावून घेणारा मधला डिफरन्शियल नसतो. दोन्हीकडची गुणोत्तरे वेगळी असतील तर फोर-व्हील टाकल्यावर पुढची आणि मागची चाके एकमेकांना ओढतात आणि कोरड्या जमिनीवर ट्रान्सफर केस (जोर पुढे-मागे वाटणारी पेटी) किंवा जॉइंट शाफ्ट मोडतो. स्वस्तात मिळतो म्हणून कोणताही एक्सल उचलून आणणाऱ्यांचे पैसे इथेच बुडतात.

जुन्या सुट्या भागांच्या व्यापाऱ्याकडून जो एक्सल आला, त्याच्या हौसिंगच्या आधारपट्टीवर ४४ हा आकडा ओतीव अक्षरांत होता. डाना कंपनी हा आकडा तिथेच ओतते, त्यामुळे घासून साफ केल्याशिवाय खरेदी करू नये. डाना ४४ चा क्राउन साडेआठ इंचांचा असतो आणि या एक्सलला ३० स्प्लाइनचे शाफ्ट होते. आमच्या गाडीचा मागचा एक्सलही डाना ४४ च असल्याने ४३ आणि ८ दात्यांचा जोड मिळणे सोपे गेले. दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे डिफरन्शियलचा गोळा कोणत्या बाजूला आहे हे पाहणे, कारण या जीपच्या ट्रान्सफर केसमधून पुढे येणारा शाफ्ट उजव्या बाजूने येतो आणि डाव्या बाजूचा एक्सल कितीही मजबूत असला तरी तो इथे उपयोगाचा नाही. आणलेला एक्सल उजव्या बाजूचा होता, पण रुंद होता. म्हणून त्याच्या नळ्या कापून जुन्या एक्सलच्या मापावर आणल्या, आणि शाफ्ट आखूड करण्याऐवजी नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतून ईएन-२४ पोलादाचे नवे शाफ्ट करून घेतले. कापून पुन्हा स्प्लाइन पाडलेला शाफ्ट मिस्त्रींना पसंत नव्हता, कारण कापताना वरचा कडक केलेला थर निघून जातो. यात तीन आठवडे गेले. ते त्यांनी आधीच सांगितले होते.

वेल्डिंगचा दिवस मी गॅरेजमध्येच काढला. सीजे-३बीचे पुढचे पाटे एक्सलच्या खालून जातात, त्यामुळे पाट्यांची बैठक नळीच्या खालच्या अंगाला जोडावी लागते, आणि तिचा कोन ठरला की चाक ज्यावर वळते त्या, किंगपिनच्या जागी असलेल्या बॉल जॉइंटचा मागे झुकलेला कोन, म्हणजे कास्टर, कायमचा ठरतो. मिस्त्रींनी आधी बैठका नुसत्या टाचून ठेवल्या, गाडी जमिनीवर उतरवली, चारही चाकांवर वजन येऊ दिले, कोनमापकाने सुमारे ३ अंश कास्टर साधला आणि मगच पूर्ण वेल्ड मारले. तेही सलग मारले नाहीत. एका बाजूला दीड-दोन इंच, मग दुसऱ्या बाजूला, मग हात लावता येईल इतके थंड होईपर्यंत थांबणे, असे चालले होते, कारण सलग वेल्डने नळी वाकते आणि वाकलेल्या नळीत शाफ्टचे सील टिकत नाही. उजव्या बैठकीचे वेल्ड बिडाच्या गोळ्यावर येणार नाही, याची काळजी नळी कापतानाच घेतलेली होती. हे सगळे पाहताना मला फार समाधान वाटले. हाताला सवय असलेला माणूस मापाच्या आधी टॉर्च पेटवत नाही, हे आमच्याकडे दुर्मीळ झाले आहे.

क्राउन-पिनियन बसवताना दात्यांना निळा रंग लावून ठसा तपासला. पहिल्या वेळी ठसा दात्याच्या टोकाकडे सरकलेला होता, म्हणून पिनियनखालची शिम, म्हणजे पातळ चकती, बदलून पुन्हा जुळवणी केली. डायल गेजवर बॅकलॅश, म्हणजे दात्यांमधली मोकळीक, सात हजारांश इंच आला, आणि पाच ते नऊ ही मर्यादा असल्याने तो योग्य होता. नवा एक्सल डिस्क ब्रेकचा असल्यामुळे मास्टर सिलिंडरमधला ड्रमसाठीचा दाब राखणारा वाल्वही काढून टाकला. तो ठेवला असता तर डिस्क सतत घासत राहिली असती.

यानंतरची गोष्ट मात्र माझ्या तक्रारीची आहे. एक्सल उभा करताना त्याचा ब्रीदर, म्हणजे हवा आत-बाहेर जाण्याची नळी, हौसिंगलाच लागून आखूड ठेवली गेली. सप्टेंबरमध्ये पहिल्याच मोठ्या पावसात मी गाडी नाल्यातून नेली. एक्सल गरम होता, पाणी थंड होते, आतली हवा आकसली आणि आखूड ब्रीदरमधून पाणी आत ओढले गेले. दोन दिवसांनी प्लग खोलला तर ऑइल ताकासारखे पांढरे झालेले होते. सुदैवाने बेअरिंगला गंज धरण्याआधी लक्षात आले. गॅरेजने ऑइल, सील आणि मजुरी यांचा काहीही आकार न घेता काम पुन्हा केले, ब्रीदरची रबरी नळी बॅटरीच्या उंचीपर्यंत नेली आणि टोक खाली वळवले. त्यांनी चूक मान्य केली हे चांगलेच, पण नाल्यातून जाणाऱ्या गाडीचा ब्रीदर पहिल्याच दिवशी वर न्यायला हवा होता, आणि एवढ्या काळजीने केलेल्या कामात ही एक गोष्ट सुटली याचे मला अजून वाईट वाटते. कोणतेही गॅरेज निवडले तरी गाडी ताब्यात घेण्याआधी ब्रीदरची नळी हाताने चाचपून पाहावी.

कायद्याची बाजूही सांगितलीच पाहिजे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हे स्पष्टपणे उचलून धरले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ मध्ये अनधिकृत बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. मिस्त्रींनी हे काम सुरू करण्याआधीच बजावले होते. आमची जीप आता वावराबाहेर जात नाही, आणि गॅरेजला न्यायची वेळ आली की ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून नेली जाते. ज्यांना गाडी डांबरी रस्त्यावर चालवायची आहे, त्यांनी आरटीओकडे लेखी विचारल्याशिवाय या कामात पडू नये.

वापरातला फरक मोठा आहे. ज्या जागी शाफ्ट तुटला, तिथून दोनशे लिटरचे दोन ड्रम घेऊन गाडी पावसाळाभर गेली, आणि चाक दगडावर अडकून उसळले तरी आतून आवाज आला नाही. स्टेअरिंग पूर्वीपेक्षा थोडे जड झाले आहे, पण ते सरळ परत येते. पुढच्या जॉइंट शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांध्यातला फुलीसारखा तुकडा, मात्र मिस्त्रींनी मुद्दाम जुन्याच मापाचा ठेवला. एक्सल मजबूत केला की पुढचा झटका त्याच्या शेजारच्या भागावर जातो, आणि तो भाग वावरात उभ्याउभ्या बदलता येईल असा स्वस्त असावा, हा त्यांचा विचार मला पूर्ण पटला. दोन क्रॉस मी सीटखाली ठेवून दिले आहेत. यू-बोल्ट पहिल्या १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळावे लागले, तसेच ५०० किलोमीटरला जीएल-५ दर्जाचे ८०डब्ल्यू-९० ऑइल बदलले तेव्हा प्लगच्या चुंबकावर फक्त बारीक राखाडी लेप होता, तुकडा एकही नव्हता.

एक गोष्ट अजून राहिली आहे. स्टेअरिंग पूर्ण डावीकडे वळवले की उजवा टायर पाट्याला घासतो, आणि त्यामुळे धुऱ्याच्या टोकाला आता एकदा मागे-पुढे करावे लागते. वळणाचा अडथळा देणारा बोल्ट थोडा बाहेर काढून ते थांबवता येईल, पण मग वळण आणखी मोठे होईल. म्हणून टायरच एक माप खाली आणायचे की नाही, हे पऱ्हाटीची वेचणी आटोपल्यावर गॅरेजमध्ये बसून ठरवायचे आहे.